खांदा दाबल्यानंतरची वीस मिनिटं

आमच्या सांगली-मिरजेकडे या दुखण्याला 'खांदा धरला' म्हणतात, खेड्यात 'वात धरला' म्हणतात आणि दवाखान्याच्या चिठ्ठीवर 'फ्रोजन शोल्डर' असं लिहून येतं. नाव काहीही असो, तक्रार सारखीच. त्या कुशीवर झोपता येत नाही. अंबाडा घालायला हात डोक्यामागे जात नाही. शर्ट काढताना आधी चांगला हात सोडवून मग दुखरा बाहेर काढावा लागतो. एस.टी. वळणावर झुकली आणि वरचा दांडा धरायला पटकन हात गेला, तर डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मग कुणीतरी ॲक्युप्रेशर, म्हणजे अंगावरचे ठरावीक बिंदू दाबण्याचा उपाय, सुचवतं. बाजारातून बिंदू दाबायची लाकडी दांडी, म्हणजे जिमी, येते, घरातलं माणूस हौसेने दाबायला बसतं, आणि तीन आठवड्यांनी 'दाबलं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पुढं काही नाही' म्हणून ती जिमी कपाटात जाते.

'दाबलं तेवढ्यापुरतं' हे म्हणणं अगदी खरं आहे. खांद्याला ॲक्युप्रेशरकडून मिळतं ते एवढंच: वीस मिनिटं, फार तर अर्धा तास, कळ उतरलेली. दाबणारा तोवर थकलेला असतो, दाबून घेणारा सुखावलेला असतो, आणि तो आडवा होतो. मिळालेली वीस मिनिटं तिथेच हातची जातात. खांद्यांवर रोज काम करताना आम्हाला घरच्या ॲक्युप्रेशरमध्ये बिंदू चुकल्याने झालेलं नुकसान क्वचितच दिसतं. दाबून झाल्यावर हात हलवलाच नाही म्हणून वाया गेलेले महिने मात्र नेहमी दिसतात.

कारण दुखण्याच्या रचनेतच आहे. खांद्याच्या सांध्याभोवती पातळ पिशवीसारखं आवरण असतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. काखेच्या बाजूला या पिशवीला एक सैल घडी असते. हात वर नेला की परकराच्या चुण्या उलगडाव्यात तशी ती उलगडते. फ्रोजन शोल्डरमध्ये हे आवरण सुजतं, जाड होतं, आकसतं. ही घडी उलगडेनाशी होते आणि पुढच्या-वरच्या बाजूचा अस्थिबंधही आखडतो. अंगठ्याचा दाब या पिशवीपर्यंत पोचत नाही, जिमीचाही नाही. दाब पोचतो तो मानेपासून दंडापर्यंतच्या स्नायूंना. हे स्नायू दुखऱ्या सांध्याची राखण करत दिवसरात्र ताठ राहिलेले असतात आणि निम्मी कळ त्यांचीच असते. ते सैलावले की हात थोडा पुढे जातो. पिशवी ताणली जाते ती त्या 'थोडा पुढे' जाण्याने, दाबाने नव्हे. हळदीच्या लेपाचंही तसंच. सांगलीची हळद कितीही नामांकित असली तरी कातडीवरून ती कॅप्सूलमध्ये उतरत नाही. लेपाची ऊब तेवढी बरी वाटते.

दाबायला बसण्यापूर्वी हा खांदा फ्रोजनच आहे ना, हे बघायला हवं. खुर्चीत ताठ बसायचं, दोन्ही कोपरं काटकोनात वाकवून कमरेला चिकटवायची, आणि कोपर न हलवता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला उघडायचे, दाराची दोन फळकं उघडावीत तसे. चांगला पंजा सहज बाहेर जातो, धरलेला जवळजवळ समोरच थांबतो. आता दुसऱ्या कुणीतरी तो पंजा अगदी हलकेच बाहेर ढकलून पाहायचा. दुसऱ्याच्या हातानेही तो तिथेच अडला, आतून कुणी दोरी ओढून धरल्यासारखा, तर हे फ्रोजन शोल्डरचं लक्षण. स्वतःला उचलता येत नाही पण दुसऱ्याने उचलला तर हात वर जातो, असं असेल तर स्नायूची दोरी, म्हणजे रोटेटर कफ, फाटल्याची शंका घ्यायची आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे जायचं. तिथे दाबण्याने दिवस वाया जातात.

ही चाचणी महत्त्वाची आहे, कारण घरकामात हे दुखणं फार दिवस लपून राहतं. कणीक मळणं, भाकरी थापणं, भाजी चिरणं, केर काढणं, सगळं पोटासमोर चालतं. त्यात हात बाहेर वळतच नाही. सासूबाई शाळूच्या दहा भाकरी थापतात म्हणून 'हात तर चालतोय' असं घरच्यांना वाटतं, आणि तोवर बाहेर वळण्याची चाल पार गेलेली असते. 'दिवसभर काम करते, आणखी व्यायाम कशाला' हा प्रश्न आम्हाला नेहमी येतो. त्याचं उत्तर हेच: भाकरीच्या कामात जी चाल वापरली जाते ती शाबूत असते. गेलेली चाल त्या कामात लागतच नाही.

काही खांदे घरी दाबायचेच नाहीत. डाव्या खांद्याच्या दुखण्यासोबत छातीत दडपण, घाम, धाप असेल तर थेट इस्पितळ गाठायचं. पडल्यावर किंवा मार लागल्यावर सुरू झालेलं दुखणं, ताप येऊन लाल-गरम झालेला सांधा, बोटांपर्यंत मुंग्या किंवा हातातली ताकद जाणं, पूर्वी झालेला कॅन्सर, कारण नसताना उतरलेलं वजन, यांतलं काहीही असेल तर आधी डॉक्टर. आणि ज्याचा खांदा धरला त्याने साखर तपासायचीच, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी) सकट. मधुमेह असलेल्यांत हे दुखणं कितीतरी जास्त आढळतं, लांबतंही जास्त. मधुमेह आहे हे खांद्यामुळेच कळलं, असं अनेकांच्या बाबतीत घडतं. थायरॉइडही पाहून घ्यावा. वय बहुधा चाळीस ते साठ, आणि बायकांचं प्रमाण अधिक. जपानीत तर याला 'गोजूकाता', म्हणजे 'पन्नाशीचा खांदा', असंच नाव आहे.

आता तयारी. सामान थोडं लागतं: काजळाची पेन्सिल, दोन हात लांब दोरा, टेनिस बॉल आणि एक लांब मोजा, तीन फुटी काठी किंवा बंद छत्री, टॉवेल, आणि शंभर पानी वही. वहीत पहिल्याच दिवशी चार नोंदी करायच्या. भिंतीकडे तोंड करून बोटं वर सरकवली तर कुठवर जातात, तिथे पेन्सिलची रेघ आणि तारीख. वर सांगितल्याप्रमाणे पंजा बाहेर किती उघडतो, त्याचा समोरून मोबाइलवर फोटो. हात पाठीमागे कुठवर जातो: कुल्ल्यापर्यंत, साडीच्या नेसापर्यंत, ब्लाऊजच्या खालच्या पट्टीपर्यंत की हुकांपर्यंत. आणि रात्री कळ येऊन किती वेळा जाग आली. दर रविवारी पुन्हा याच चार नोंदी. रोज मोजू नये. रोज फरक दिसत नाही आणि माणूस खचतो.

दाबण्याआधी दहा-बारा मिनिटं शेक. रबरी पिशवी चालते, किंवा जाड कापडात तव्यावर तापवलेलं खडेमीठ. मधुमेहात कातडीला ऊन कमी कळतं, म्हणून शेक आधी दुसऱ्याने आपल्या हाताच्या आतल्या बाजूला लावून बघायचा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे खांदा जास्त ताठलेला असतो, तेव्हा पंधरा मिनिटं घ्यावीत. तेल लावायचं नाही. तेलाने अंगठा घसरतो, बिंदू सुटतो, आणि मग तो नुसता चोळण्याचा प्रकार होतो.

बिंदूंच्या जागांविषयी बाजारातले तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ३६१ बिंदूंच्या जागा ठरवून प्रसिद्ध केल्या. इथे त्याच धरल्या आहेत. माप नेहमी ज्याचा खांदा आहे त्याच्या बोटांचं घ्यायचं, दाबणाऱ्याच्या नव्हे. अंगठ्याची रुंदी म्हणजे एक त्सुन (हे चिनी माप), चार बोटं जुळवून तीन त्सुन. सासूच्या दंडावर सुनेची बोटं लावून मोजलं की जागा चुकलीच.

सुरुवात दुखऱ्या जागेपासून लांब करायची. खांद्याला हात लावल्याबरोबर माणूस श्वास कोंडतो, दात आवळतो, आणि मग पुढचं सगळं अवघड होतं. म्हणून पहिला बिंदू हाताच्या पंजावर: अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या मांसल भागात, तर्जनीच्या लांब हाडाच्या मध्याशी. चिनी नाव हेगू. दाब तर्जनीच्या हाडाकडे द्यायचा, नुसता खाली नाही. दुसरा कोपराशी: कोपर काटकोनात वाकवलं की वर जी घडी पडते, तिचं बाहेरचं टोक आणि बाहेर आलेलं हाड यांच्या बरोबर मध्ये. हा छूची. हे दोन्ही ज्याचे त्याला चांगल्या हाताने दाबता येतात. गरोदर बाईला हेगू आणि पुढे येणारा मानेजवळचा बिंदू कधीही दाबायचा नाही.

तिसरा मानेखाली. मान पुढे वाकवली की जो सर्वांत मोठा मणका हाताला लागतो तो, आणि खांद्याच्या वरच्या हाडाचं बाहेरचं टोक, यांच्या मधोमध, नाव च्येनचिंग. पिशवी अडकवतो त्या जागी. इथे दाब सरळ खाली, आणि बोट पुढे गळ्याच्या हाडामागच्या खड्ड्यात घसरू द्यायचं नाही. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा आहेत.

चौथा बिंदू सगळ्यांत मोलाचा. पाठीच्या फऱ्यावर, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडावर, हाताचा पंजा सपाट ठेवला की वरच्या भागात एक आडवी हाडाची धार लागते. त्या धारेचा मध्य धरायचा, फऱ्याचं खालचं टोक शोधायचं, आणि या दोहोंना जोडणाऱ्या रेघेवर वरून एक तृतीयांश खाली यायचं. हा त्येनचुंग. बोट तिथे टेकवून कडेकडेने जरासं सरकवलं की सुतळीसारखी ताठ दोरी अंगठ्याखाली 'टक्' होऊन सरकते. माणूस एकदम 'हां, तेच' म्हणतो, आणि पुष्कळदा सांगतो की कळ पाठीत नाही, दंडाच्या पुढच्या बाजूला उतरली. तसं झालं म्हणजे जागा बरोबर सापडली. हात बाहेर फिरवणारा स्नायू हाच. दाबणारं कुणी नसेल तर टेनिस बॉल मोज्यात घालायचा, मोज्याचं तोंड दुसऱ्या खांद्यावरून पुढे घेऊन चांगल्या हाताने धरायचं, आणि बॉल फरा व भिंत यांच्यामध्ये ठेवून भिंतीला रेलायचं. दाब कमी-जास्त करायला पाय भिंतीपासून जवळ-लांब घ्यायचे. जमिनीवर निजून बॉल घेऊ नये. अख्ख्या अंगाचा भार येतो आणि दुसऱ्या दिवशी पाठ निळी दिसते.

पाचवा आणि सहावा खांद्याच्या टोकावर, आणि इथे घरोघरी गाडी अडते. तक्ता सांगतो, 'हात खांद्याच्या उंचीला आडवा धरा, हाडाच्या टोकापुढे आणि मागे दोन खळगे पडतील.' पुढचा च्येनयू, मागचा च्येनल्याओ. पण धरलेला हात त्या उंचीला जातच नाही, मग खळगे पडणार कुठून? त्यावर उपाय सोपा आहे. चांगला हात आडवा करायचा, त्या खांद्यावर दोन्ही खळगे नीट दिसतात. त्यांवर काजळाच्या पेन्सिलने टिपके द्यायचे. हात खाली घ्यायचा, आणि हाडाच्या टोकापासून प्रत्येक टिपका किती अंतरावर आहे ते दोऱ्याने मोजून दुखऱ्या खांद्यावर आरशातल्यासारखं उतरवायचं. या दोन जागी जोर निम्मा. पुढच्या खळग्याच्या थोडं खाली दंडाच्या स्नायूची दोरी जाते आणि या दुखण्यात ती आधीच हुळहुळी असते. जिमी इथे अजिबात नको, फक्त अंगठ्याची गादी. काखेच्या आत तर बोट घालायचंच नाही.

सातवा पायावर, त्याआधी दाबण्याची रीत. दुखरा माणूस पाठ नसलेल्या स्टुलावर, दाबणारा मागे उभा. नखं कापलेली. अंगठ्याचं टोक नव्हे, गादी. कोपरं सरळ ठेवून स्वतःचं वजन हळूहळू पुढे सोडायचं. मनगटाच्या जोराने दाबणाऱ्याचा अंगठा आठवड्यात दुखायला लागतो आणि मग घरात दोन रुग्ण होतात. मनात पाच मोजेपर्यंत दाब वाढवायचा, वीस मोजेपर्यंत स्थिर धरायचा, पाच मोजत सोडायचा. एका बिंदूवर तीन वेळा. सात बिंदूंची मिळून साडेदहा मिनिटं होतात. सकाळी एकदा, रात्री झोपण्याआधी एकदा, जेवल्याबरोबर नाही.

जोर किती, हे आकड्याने ठरवावं. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. दाब चार-पाचावर राहिला पाहिजे. हवीहवीशी वाटणारी कळ असते ती योग्य. टोचणारी, चटका देणारी किंवा बोटांत झिणझिण्या नेणारी कळ आली की लगेच सोडायचं, कारण तिथे नस दबते आहे. दाबून घेणाऱ्याचा श्वास ऐकत राहावा. श्वास अडला म्हणजे जोर जास्त झाला, तोंडाने 'चालेल' म्हणत असला तरी. आपल्याकडे मोठ्या माणसांना सुनेपुढे, लेकापुढे कळवळणं कमीपणाचं वाटतं. म्हणून तोंडच्या शब्दापेक्षा श्वासावर भरवसा ठेवावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तीनावरच थांबायचं आणि जिमी पूर्ण बंद.

आता पायाचा बिंदू. गुडघा वाकवून बसलं की वाटीखाली दोन खळगे दिसतात. बाहेरच्या खळग्यापासून बाहेरच्या घोट्याच्या हाडापर्यंत दोरा धरायचा, त्याची निम्मी घडी करायची, आणि मध्यावर नडगीच्या धारेपासून एक बोट बाहेर दाबायचं. हा त्याओखौ. खांद्यासाठी नडगी दाबणं विचित्र वाटतं, पण चिनी पद्धतीत धरलेल्या खांद्याला हा बिंदू फार पूर्वीपासून वापरात आहे, आणि वापरण्याची रीतच वेगळी आहे: दाब चालू असतानाच हात हलवायचा. एकाने नडगी दाबून धरायची, दुखऱ्या माणसाने त्याच वेळी आपला हात पुढून वर, मग बाजूला, असा कळेच्या सीमेपर्यंत सावकाश न्यायचा आणि आणायचा. काही जण दुखऱ्या बाजूचा पाय घेतात, काही उलट. दोन्ही दाबून पाहावेत आणि जो जास्त हुळहुळा लागेल तो घ्यावा. हा बिंदू शेवटी ठेवण्याचं कारण असं की दाबणं आणि हलवणं यांत खंडच पडत नाही. इथून उठायचं ते सरळ व्यायामाला.

पहिली तीन मिनिटं लोलक. 'फ्रोजन शोल्डर' हे नाव १९३४ मध्ये ज्यांनी रूढ केलं त्या अमेरिकी सर्जन कॉडमन यांच्याच नावाने हा व्यायाम ओळखला जातो. चांगला हात ओट्याच्या कडेवर टेकवायचा, कमरेत वाकायचं, आणि दुखरा हात विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा लोंबता ठेवायचा. मग कंबर हलवायची. हात आपोआप झुलतो, आधी पुढे-मागे, मग ताटाएवढ्या गोलात. इथे जवळजवळ प्रत्येक जण चुकतो. हात खांद्याच्या जोराने फिरवला जातो, आणि जे स्नायू आत्ताच सैल केले तेच पुन्हा ताठ होतात. बोटं ढिली, मनगट ढिलं असेल तरच बरोबर.

मग पाठीवर निजून काठी. दुखऱ्या कोपराखाली घडी केलेला टॉवेल, कोपर कमरेजवळ, काटकोनात. काठीचं एक टोक त्या पंजात, दुसरं चांगल्या हातात. चांगल्या हाताने काठी ढकलून दुखरा पंजा बाहेर न्यायचा, ताण लागला की दहा मोजायचे, परत यायचं. दहा वेळा. वेळ कमी असला तर बाकी सगळं सोडा पण हे सोडू नका. सर्वांत आधी गेलेली चाल हीच असते, आणि ही मोकळी होऊ लागल्याशिवाय हात वर जायला वाट मिळत नाही.

नंतर भिंतीवर बोटांची चढाई, दहा वेळा. खांदा कानाकडे उचलला जातोय का, अंग मागे कलतंय का, हे आरशात पाहायचं. तसं करून चार इंच जास्त मिळाले तर ते इंच पाठीचे असतात. शेवटी टॉवेल पाठीमागून: वरचा हात चांगला, खालचा दुखरा, वरच्याने हळू ओढायचं, पाच वेळा. हा शेवटचा व्यायाम सगळ्यांसाठी नाही.

कुणासाठी, हे अवस्थेवरून ठरतं. पहिली अवस्था कळेची, साधारण दोन ते नऊ महिने: हात पुरता अडायच्या आधीच कळ येते, रात्र जागून काढावी लागते. दुसरी ताठरपणाची, चार ते बारा महिने: कळ उतरते, पण हात भिंतीला लागल्यासारखा अडतो. तिसरी सुटण्याची, तीही पाच महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत चालू शकते. पहिल्या अवस्थेत दाब तीनाच्या पुढे नको, लोलक आणि काठी फक्त कळ सुरू होईपर्यंत, टॉवेल नको. इथे जोर लावला तर दुखणं वाढतं. नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांना दोन वर्षं पाहून केलेल्या, २००४ मध्ये छापलेल्या अभ्यासात कळेच्या आतच हलके व्यायाम केलेल्यांचे खांदे, जोरात ताणून घेतलेल्यांपेक्षा चांगले सुटले. म्हणून 'एकदा झटका देऊन मोकळा करतो' म्हणणाऱ्या, नस बसवणाऱ्या माणसाच्या हाती खांदा देऊ नये. आखडलेली पिशवी फाटू शकते, आणि हाडं ठिसूळ झालेल्या वयात दंडाचं हाडही मोडू शकतं. दुसऱ्या अवस्थेत मात्र भित्रेपणा नडतो. तिथे ताण पूर्ण टोकापर्यंत न्यायचा आणि वीस-तीस मोजेपर्यंत धरायचा.

रोजचा तराजू एकच. व्यायामानंतर वाढलेली कळ तासाभरात पूर्वपदावर आली तर माप बरोबर आहे. रात्री ठणकलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करायचं, बंद नाही.

तासगाव, पलूसकडे द्राक्षाच्या मांडवाखाली काम करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. छाटणीला, विरळणीला हात तासन् तास डोक्यावर असतो. पहिल्या अवस्थेत हे काम सोडता आलं तर उत्तम, नाहीतर उंच घोडीवर उभं राहून हात छातीच्या उंचीवर येतील असं करावं आणि दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं लोलक. अशा दिवशी सकाळचं दाबणं वगळून दुपारच्या सुट्टीत घ्यावं. कळ उतरवून लगेच मांडवाखाली गेलं की सांध्याचा इशारा कळत नाही आणि माणूस जास्त ओढतो.

रात्रीचं दाबणं झालं की झोपण्याची मांडणीही बघावी, नाहीतर कमावलेलं सकाळपर्यंत जातं. पाठीवर झोपणाऱ्याने कोपराखाली घडी केलेली वाकळ ठेवावी, म्हणजे दंड मागे लोंबत नाही. कुशीवर झोपणाऱ्याने चांगल्या कुशीवर, पोटाशी जाड उशी घेऊन तिच्यावर दुखरा हात. दंड अंगाला घट्ट चिकटवून झोपू नये, काखेत छोटी उशी हवी.

वहीत पहिला फरक दिसतो तो झोपेच्या रकान्यात, बहुधा दोन-तीन आठवड्यांत. भिंतीवरची रेघ त्यानंतर हलते, तीही महिन्याला बोट-दोन बोटांनी. काही आठवडे ती जागचीच राहते. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: हे दुखणं बऱ्याच जणांत काळानेही सुटत जातं, त्यामुळे सगळं श्रेय अंगठ्याला देऊ नये. पण तो काळ कसा काढायचा, झोपून की जागून, हात थोडा हलता ठेवून की पोटाशी बांधून, हे आपल्या हातात असतं.

चार आठवडे नेमाने करूनही रात्रीची जाग कमी झाली नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांशी सांध्यातल्या स्टेरॉइड इंजेक्शनबद्दल बोलावं. पहिल्या अवस्थेत त्याचा उपयोग चांगला होतो. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस चढते, तेव्हा ती रोज तपासायची. इंजेक्शन घेतलं म्हणून काठी सोडायची नाही. फक्त टोचलेल्या जागेवर आठवडाभर दाब नको, आणि ताण कधी सुरू करायचा ते डॉक्टरांना विचारून घ्यायचं. सहा-आठ महिन्यांनंतरही हात कमरेवर चढत नसेल तर सांध्यात पाणी भरून पिशवी फुगवणं, भूल देऊन हात मोकळा करणं, दुर्बिणीतून आवरण सोडवणं, असे पुढचे उपाय आहेत.

सगळ्यांत शेवटी परत येतो तो पाठीमागे जाणारा हात. भिंतीवरच्या दोन्ही हातांच्या रेघा जुळल्या तरी हुक लावायला आणखी काही महिने लागतात, म्हणून टॉवेल तोवर चालू ठेवायचा. आणि वही मिटायची नाही. काही जणांचा पुढच्या वर्षांत दुसरा खांदा धरतो, मधुमेहींचा जास्त. दर महिन्याच्या एक तारखेला दोन्ही कोपरं कमरेला लावून पंजे दाराच्या फळकांसारखे उघडून पाहावेत. आजवरचा चांगला पंजा थोडा जरी मागे राहिला, तर त्याच दिवसापासून त्या बाजूला काठी सुरू.